आखाजीच्या उन्हात ड्रोनचा डबा

ड्रोन डॉकचं ब्रोशर हातात आलं की मी पुढची गुळगुळीत पानं उलटून सरळ शेवटचं पान उघडतो. पुढच्या पानांवर झाकण उघडतंय, ड्रोन वर चाललाय, मागे बर्फाचे डोंगर, कंट्रोल रूममध्ये कोणीतरी कॉफी पीत हसतंय. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं राहतं की हा डबा किती अंशांपर्यंत चालतो, किती वाऱ्यात ड्रोन उतरवतो आणि पाण्याधुळीचं रेटिंग काय. आपल्या धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या साइटसाठी अर्धा निर्णय त्या एका पानावर होतो, बाकीचा साइटवर उभं राहून. कॅमेरा किती मेगापिक्सेल, सॉफ्टवेअरमध्ये एआय आहे का, हे सगळं नंतर बघता येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉक म्हणजे ड्रोनचं घर. झाकणाची बंद पेटी, आत चार्जिंग, थंड करायची सोय, बाहेर छोटं हवामान केंद्र म्हणजे पावसाचा सेन्सर आणि वारा मोजायचं यंत्र. ठरलेल्या वेळी किंवा अलार्म वाजला की झाकण उघडतं, ड्रोन उडतो, ठरलेल्या रस्त्याने फिरून फोटो-व्हिडिओ घेतो, परत येऊन खालच्या खुणेवर कॅमेऱ्याने नेम धरून उतरतो, झाकण बंद, चार्जिंग चालू. साइटवर पायलट नाही, पायलट धुळ्यात किंवा पुण्यात स्क्रीनसमोर. आमच्या वॉचमन आप्पांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं, "हाई काय शे भो, कोंबड्यासनं खुराडं का?" तेव्हापासून साइटवर त्याला खुराडंच म्हणतात, रिपोर्टमध्ये तेवढं डॉक लिहायचं.

गरज आहे का, तर काही ठिकाणी खरंच आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ पासून आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग तर त्याच्याही आधीपासून, आणि गेल्या काही वर्षांत दोन्ही बाजूंनी छोट्या-मोठ्या खासगी प्लांटची भर पडत गेली. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर धरले तर ५० मेगावॅटचा प्लांट म्हणजे सव्वादोनशे एकर. त्याचं कुंपण पायी फिरायचं म्हटलं तर वॉचमनची अर्धी रात्र जाते आणि तोवर मागच्या टोकाला तांब्याची केबल कापून नेलेली राहते. केबलचोरी ही आपल्याकडची कायमची डोकेदुखी आहे, सोलरवाल्यांची आणि पवनचक्कीवाल्यांची पण, आणि केबल जाते ती फक्त केबल नाही, ती स्ट्रिंग, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पॅनलांची अख्खी रांग, बंद पडते, दुरुस्तीला टीम जाते, तितके दिवस युनिट बुडतात. डॉकमधला ड्रोन सेकंदाला १५ मीटरने निघाला तर दोन किलोमीटरवरच्या कोपऱ्यात सव्वादोन मिनिटांत पोचतो, उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यात अंधारात माणूस पांढरा ठिपका दिसतो. यात शंका नाही, काम होतं.

आता शेवटचं पान.

सोलर प्लांटमध्ये डॉक घेतात ते मुख्यतः थर्मोग्राफीसाठी, म्हणजे कोणतं पॅनल तापतंय, कोणती स्ट्रिंग मेली आहे, कुठे बायपास डायोड (बिघडलेल्या सेलला वळसा देऊन वीज पुढे नेणारा भाग) गेलाय ते वरून बघायला. यासाठी आयईसी ६२४४६-३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात स्पष्ट सांगितलंय की पॅनलवर पडणारं ऊन चौरस मीटरला किमान ६०० वॅट पाहिजे, आभाळ बऱ्यापैकी मोकळं पाहिजे, वारा ताशी २८ किलोमीटरच्या आत पाहिजे. कमी उन्हात पॅनलमधला दोष तापतच नाही मग कॅमेऱ्याला दिसणार काय. म्हणजे हे काम सकाळी दहा ते तीनच्या मधलं, टळटळीत उन्हातलं. आणि आपल्याकडे आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पुढे महिनाभर याच वेळात काय परिस्थिती राहते ते सांगायला नको, भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे गेला तर आता लोक पेपर पण उघडून बघत नाहीत.

म्हणजे ज्या वेळी ड्रोनचं काम, त्याच वेळी डब्याची सहनशक्ती संपायला आलेली. डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीचीच उदाहरणं घ्या, कारण त्यांचे आकडे सगळ्यांना सहज सापडतात. त्यांचा २०२२ मधला पहिला डॉक १०५ किलोचा होता आणि ५० अंशांपर्यंत चालायचा. २०२४ मध्ये दुसरा आला तो ३४ किलोचा, दोन माणसांनी उचलून ठेवावा असा, सगळ्यांनी वाहवा केली, पण त्याची वरची मर्यादा ४५ अंशांवर आली होती. २०२५ मध्ये तिसरा आला ५५ किलोचा, तो परत ५० वर गेला. युरोपातल्या माणसाला या पाच अंशांनी काही फरक पडत नाही, आपल्याला त्या पाच अंशांत अख्खा मे महिना बसतो.

बरं ४५ म्हणजे कोणते ४५? हवामान खातं जे तापमान सांगतं ते पांढऱ्या जाळीदार पेटीत, सावलीत, जमिनीपासून वर मोजलेलं राहतं. आपला डबा कुठे, तर मुरमाच्या सपाट जागेवर, बाजूला काचेची पॅनलं, खाली तापलेलं काँक्रीट. तिथली हवा बातम्यांतल्या आकड्यापेक्षा गरमच राहणार. आणि सावली करू म्हटलं तर वर पत्रा टाकता येत नाही, कारण ड्रोन सरळ वर उडतो आणि सरळ खाली उतरतो, शिवाय त्याला उपग्रहांचे सिग्नल पण मोकळ्या आभाळातून पाहिजेत. पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून जरा अंतर ठेवून कमी उंचीची जाळी लावता येते, दुपारनंतरचं तिरपं ऊन तेवढं अडतं. दुपारी बाराचं ऊन डब्यालाच खायचं आहे.

यात अजून एक गोष्ट सेल्सवाला कधी आपणहून सांगत नाही. ड्रोन फिरून येतो तेव्हा त्याची बॅटरी स्वतःच गरम झालेली राहते. लिथियमची बॅटरी गरम असताना चार्ज करायची नसते, आधी ती थंड होऊ द्यावी लागते, ते काम डब्यातल्या कूलिंगचं. काही डब्यांत कॉम्प्रेसरचा एसी राहतो, काहींत पेल्टिअरची चिप, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार होणारी चकती. पेल्टिअर हलकं, गॅस नाही, आवाज नाही, देखभाल कमी, पण बाहेर जितकं गरम तितकी त्याची ताकद कमी होत जाते. मग ब्रोशरमधलं "३२ मिनिटांत २० ते ९० टक्के" हे २५ अंशांच्या खोलीतलं वाक्य राहतं, आपल्याकडे मे महिन्यात आधी थंड व्हायची वाट, मग चार्जिंग. दिवसाला किती फेऱ्या होतील याचं गणित कोणी थंड खोलीतल्या आकड्यांवर मांडून दिलं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

म्हणून माझं एकच सांगणं राहतं, डेमो मे महिन्यात मागा. डिसेंबरमध्ये साक्रीला कोणताही डबा मस्त चालतो, तेव्हा तर आपण पण मस्त चालतो. मे महिन्यात दुपारी एक वाजता, लागोपाठ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर बॅटरी किती वेळात परत तयार झाली ते वहीत लिहायचं. तो कंपनीवाला सावली शोधत गाडीत एसी लावून बसला तरी चालेल, डबा बाहेर राहू द्या.

वारा हा दुसरा विषय. इथे लोक हमखास घोळ करतात, कारण ब्रोशरमध्ये वाऱ्याचे दोन आकडे राहतात आणि मोठ्या अक्षरात एकच छापतात. एक उडतानाचा, एक उतरतानाचा. मघाशी सांगितलेल्या दुसऱ्या डॉकचंच बघा, ड्रोन सेकंदाला १२ मीटर वाऱ्यात उडू शकतो पण डब्यात उतरायला वारा सेकंदाला ८ मीटरच्या आत पाहिजे. ८ मीटर म्हणजे ताशी साधारण २९ किलोमीटर. हवेत १२ झेपतात म्हणून उडवला आणि येईपर्यंत वारा ९ वर असला तर तो डब्यावर घिरट्या घालणार, बॅटरी संपत आली की पर्यायी जागेवर उतरणार. ही पर्यायी जागा आधीच ठरवून, साफ करून, आजूबाजूला तार-झाड नाही बघून सॉफ्टवेअरमध्ये टाकायची राहते, आणि बऱ्याच साइटवर ती डब्याच्या शेजारचीच कुठलीतरी मोकळी जागा म्हणून टाकलेली सापडते जिथे नंतर कोणीतरी खडीचा ढीग ओतलेला राहतो.

ब्राह्मणवेलसारख्या ठिकाणी पवनचक्क्या लावल्याच का, तर तिथे वारा आहे म्हणून. जून ते ऑगस्ट तर तिथे उभं राहवत नाही. पातं तपासायला ड्रोन चांगला, शंका नाही, पण पातं थांबवून, वारा कमी असलेल्या दिवशी, सोबत पायलट घेऊन केलेलं ते काम आहे. तिथे पठारावर उघड्यावर डॉक ठेवून "रोज आपोआप" म्हणणं मला तरी पटत नाही. ठेवायचाच तर पठाराच्या खाली सबस्टेशनच्या आडोशाला ठेवा, आणि वर्षभराचा वाऱ्याचा डेटा तुमच्याच मेट मास्टवर, म्हणजे वारा मोजायच्या उंच खांबावर, पडलेला आहे, तो काढून बघा की सकाळी सहा ते नऊ या वेळात किती दिवस वारा ८ मीटरच्या खाली होता. हा हिशोब फुकट आहे आणि आजवर मला कोणी न विचारता करून दाखवलेला नाही.

उंचीचं पण बोलून घेऊ, कारण थर्मलमध्ये फसवणूक इथेच होते, मुद्दाम नाही, अर्धवट माहितीने. साधारण या वर्गातल्या ड्रोनवर ६४० बाय ५१२ पिक्सेलचा थर्मल कॅमेरा राहतो. त्याने १२० मीटर उंचीवरून बघितलं तर एक पिक्सेल जमिनीवर १६ सेंटिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे पॅनलमधला एक सेल जेवढा तेवढाच एक ठिपका. मेलेली स्ट्रिंग दिसेल, अख्खं तापलेलं पॅनल दिसेल, पण सेलमधला हॉटस्पॉट, म्हणजे तापलेला ठिपका, नीट कळायला मानक म्हणतं की एका सेलवर ५ बाय ५ पिक्सेल पाहिजेत, म्हणजे पिक्सेल ३ सेंटिमीटरचा, म्हणजे ड्रोन २०-२५ मीटरवर. तेवढ्या खाली आला की एका पट्ट्यात जमीन कमी बसते, फेऱ्या चार-पाचपट वाढतात, आणि फेऱ्या वाढल्या की परत वरचं बॅटरी थंड व्हायचं गणित चालू. तर आधी ठरवा की तुम्हाला काय बघायचंय. महिन्याला एकदा वरून झटपट नजर आणि जिथे शंका तिथे खाली जाऊन बघणं, ही पद्धत आमच्याकडे बसली आहे. अख्खा प्लांट दर आठवड्याला २५ मीटरवरून करू असं कोणी कागदावर लिहून दिलं तर मे महिन्यात त्याला तो कागद दाखवायचा.

चार्जिंगचा डबा की बॅटरी बदलणारा डबा असाही वाद चालतो. बदलणाऱ्यात यांत्रिक हात गरम बॅटरी काढून गार भरलेली बसवतो, ड्रोन काही मिनिटांत परत हवेत. चोरी-राखणीसाठी सतत वर काहीतरी पाहिजे असेल तर ते भारी. पण हलणारे भाग जितके जास्त तितकी धूळ शिरायच्या जागा जास्त, आणि आपल्या मुरमाड जमिनीवर एप्रिलमध्ये वावटळी उठतात त्या बघितल्यावर मी तरी साध्या चार्जिंगच्या डब्याकडेच झुकतो. हे माझं मत, तुमची साइट काळ्या मातीत, बागायती पट्ट्यात असेल तर वेगळं ठरेल.

आता कायदा, कारण "भाऊ, दुबईहून आणून देतो" म्हणणारे लोक धुळ्यात पण आहेत. परदेशातून तयार ड्रोन आयात करायला केंद्राने ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी घातलेली आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्याच कारणांसाठी परवानगी घेऊन सूट मिळते. सुटे भाग आणता येतात. म्हणजे वर मी ज्या डॉकचे आकडे दिले तो समजून घ्यायला ठीक, सोलर प्लांटसाठी दुकानातून आणल्यासारखा आणता येत नाही. इकडे बघायचं ते भारतात बनलेला, टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता) असलेला ड्रोन आणि त्याच्याशी जुळणारा डॉक. सॉफ्टवेअरच्या बाजूने आपण अगदीच मागे नाही, फ्लाइटबेस ही वेगवेगळ्या डॉकवर चालणारं सॉफ्टवेअर करणारी कंपनी पुण्याचीच आहे.

२०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ड्रोनला युनिक आयडी नंबर पाहिजे, २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला थर्ड पार्टी विमा पाहिजे, आणि धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट असलेला माणूस पाहिजे. डब्यातून आपोआप उडतो म्हणून पायलट नको, असं कुठेही लिहिलेलं नाही. नियम मोडले तर दंड एक लाखापर्यंत आहे. सरकारच्या ड्रोन नकाशावरच्या ग्रीन झोनमध्ये ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये असाल तर ही मर्यादा २०० फूट. नकाशा स्वतः उघडून बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका, कारण आपल्याकडे जळगावचं विमानतळ आहे, धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, शिरपूरला वैमानिक तयार करायची शाळा आहे, भुसावळ-वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत. ट्रेनिंगची विमानं आपल्या डोक्यावरून फिरतात ते रोज दिसतं आपल्याला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, नजरेआड उडवणं. डॉकचा सगळा धंदाच नजरेआडचा आहे, पायलट शंभर किलोमीटरवर. पण आपल्याकडे नजरेआड उडवायला सरसकट मोकळीक नाही, त्यासाठी परवानगीचा वेगळा रस्ता आहे. म्हणून ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराला लेखी विचारा की आमच्या साइटवर, या उंचीवर, या अंतरावर नजरेआड उडवायची परवानगी कोण काढणार आणि कोणाच्या नावावर. "होऊन जातं सर" हे उत्तर लेखी देत नाहीत, त्यामुळे लेखीच मागायचं. तोपर्यंतचा मधला मार्ग म्हणजे साइटवरच्याच एखाद्या पोराला पायलटचं सर्टिफिकेट करायला लावणं, आणि उडताना त्याने डोळ्याने ड्रोनकडे बघत उभं राहणं. मग कोणी म्हणेल ऑटोमॅटिक कशाला घेतलं. बरोबर आहे, पण तरी फरक राहतो, दर वेळी तोच रस्ता, तीच उंची, तोच कॅमेऱ्याचा कोन, त्यामुळे मागच्या महिन्याचा फोटो आणि या महिन्याचा फोटो एकावर एक ठेवता येतो. हाताने उडवून हे जमत नाही, कितीही चांगला पायलट असला तरी.

सातपुड्याच्या बाजूला, तोरणमाळ-अक्कलकुवा-धडगावकडे, टॉवर किंवा पाण्याच्या योजनेवर नजर ठेवायला विचार करत असाल तर उंची कशापासून मोजतोय ते तपासा. ड्रोनला १०० मीटर सांगितलं आणि तो उडालेल्या जागेपासूनचे १०० मीटर धरत असेल तर समोरचा डोंगर १५० मीटर वर आहे, पुढचं तुम्ही समजा. जमिनीच्या चढउताराप्रमाणे चालायची सोय पाहिजे आणि त्यात टाकलेला नकाशा ताजा पाहिजे. शिवाय वनखात्याला विचारल्याशिवाय जंगलावरून काही उडवायचं नाही, यावल अभयारण्य तर लांबच ठेवा.

बसवतानाचं आता. डब्याला ओटा बांधा, फूट-दीड फूट तरी, पाण्याच्या वाटेत नको. जवळच्या नाल्याला वर्षभर पाणी नसतं म्हणून गाफील राहू नका, एक ढगफुटीसारखा पाऊस पुरे राहतो. ओट्याला पाणसळ लावून बघा, गवंडी म्हणतो "सरळ आहे" तरी बघा. अर्थिंग वेगळं आणि चांगलं, कोरड्या मुरमात अर्थिंगला कस लागतो त्यामुळे उन्हाळ्यात परत मोजायचं, पावसाळ्यातलं रीडिंग बघून खूश व्हायचं नाही. सर्ज प्रोटेक्शन लावा, यूपीएस द्या, कारण ड्रोन हवेत असताना लाइट गेली आणि झाकण उघडलं नाही तर काय, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. वीज आहे का हा प्रश्न सोलर प्लांटमध्ये हास्यास्पद वाटतो पण रात्री ती ग्रिडवरूनच येते आणि ग्रिडचं आपल्याला माहीत आहे. उच्चदाबाच्या तारांपासून, लोखंडी शेडपासून लांब ठेवा, ड्रोनचं होकायंत्र बिघडतं.

नेटवर्कमध्ये लोक डाउनलोड स्पीड मोजतात, इथे लागतो अपलोड. स्पीड टेस्टचं अ‍ॅप दुपारी एकदा चालवून "चाळीस येतंय" म्हणू नका, संध्याकाळी सात-आठला चालवा, गावातली सगळी पोरं मोबाईलवर आलेली राहतात तेव्हा. एकाच टॉवरवरची दोन कंपन्यांची सिमं म्हणजे दोन नेटवर्क नव्हेत, टॉवरची लाइट गेली की दोन्ही जातात. प्लांटच्या स्काडा रूमपर्यंत, म्हणजे कंट्रोल रूमपर्यंत, फायबर आलेलीच राहते बहुतेक, तिथून डॉकपर्यंत केबल ओढा, मोबाईल नेट फक्त बॅकअपला. मोठे फोटो लगेच वर पाठवायची गरज नसते, साइटवरच साठवा आणि रात्री जाऊ द्या.

धूळ, किडे, उंदीर. झाकणाची रबरी पट्टी महिन्यातून दोनदा तरी ओल्या फडक्याने पुसावी लागते, चार्जिंगचे पॉइंट कोरड्या फडक्याने, कॅमेऱ्याची काच तिच्या कापडाने. पाऊस मोजायच्या सेन्सरवर पक्षी घाण करतात, मग कडक उन्हात सॉफ्टवेअर सांगतं पाऊस चालू आहे, उड्डाण रद्द. वारा मोजायच्या दांड्यावर कावळा बसतो. गांधीलमाश्यांना पंख्याची जाळी फार आवडते. केबलच्या पाइपची तोंडं बंद केली नाहीत तर उंदीर येणारच. घारींचं घरटं जवळ असेल तर विणीच्या काळात त्या ड्रोनवर झडप घालतात, त्या दिवसांत रस्ता बदला, त्यांना काय सांगणार. आणि संक्रांतीच्या आठवड्यात गावाजवळच्या बाजूने उडवू नका, आपल्याकडे गुजरातच्या नादाने पतंग जोरात, मांजा पंख्यात गुंतला की विषय संपला.

पावसाळ्यात सोलरवाले डॉक झाकून ठेवतात, ते मला पटत नाही. ६०० वॅट ऊन सलग मिळत नाही म्हणून थर्मल राहू द्या, पण पाऊस उघडल्यावर साध्या कॅमेऱ्याने खांबांखालची माती वाहून गेली का, नाली तुंबली का, गवत कोणत्या रांगेवर चढलंय, हे सगळं वरून एका फेरीत दिसतं. चिखलात गाडी आत जात नाही तेव्हा तर ड्रोनचीच खरी गरज. आमच्याकडे थर्मलपेक्षा या फेऱ्यांचा उपयोग जास्त झाला असं मी म्हणेन, ऐकणाऱ्याला विचित्र वाटलं तरी.

माणसांचं राहिलंच. प्लांटच्या कुंपणाला लागून लोकांची शेतं आहेत, विहिरी आहेत, बाया धुणं धुतात, अंघोळीची आडोशाची जागा राहते. ड्रोन रोज डोक्यावरून जायला लागला की कोणाला आवडेल? रस्ता आखताना कुंपणाच्या आतूनच आखा, कॅमेरा आतल्या बाजूला वळवून ठेवा, आणि सुरू करायच्या आधी सरपंचांना आणि शेजारच्या शेतकऱ्यांना बोलवून स्क्रीनवर दाखवून द्या की काय दिसतं आणि काय नाही. आमच्याकडे एका काकांनी सगळं बघून घेतलं आणि शेवटी विचारलं की माझ्या कपाशीत रात्री रानडुकरं येतात ती याच्यात दिसतील का. दिसतात. आता रात्रीच्या फेरीत डुकरं त्या बाजूला दिसली तर आप्पा त्यांना फोन करतात, हे कोणत्याही करारात नाही आणि मी पण अडवत नाही.

कोणी घेऊ नये ते पण सांगतो. पाच-दहा मेगावॅटचा प्लांट, गावाजवळ, वॉचमन चांगला, तर डॉक घेऊ नका. वर्षातून दोनदा पायलट भाड्याने बोलवा, थर्मल करून घ्या, उरलेल्या पैशात कुंपणाला चांगले कॅमेरे लावा. धरण-कालव्याच्या कामाला पण तेच, हतनूर किंवा गिरणेच्या कालव्यावर लांबच लांब रेषेत बघायचं राहतं, डब्याभोवतीच्या गोल पट्ट्यात नाही, तिथे एका जागी बसवलेला डॉक फार कमी लांबी झाकतो, गाडीतून फिरवायचा ड्रोन बरा.

आणि घ्यायचं ठरलंच तर करारात मेंटेनन्सचं कलम स्वतः लिहा, त्यांनी छापून आणलेलं नको. डबा बंद पडल्यावर इंजिनिअर साक्रीला किती तासांत येणार, मुंबईहून येणार की नाशिकहून, सुट्टीच्या दिवशी येणार का, पंखे-बॅटरी-झाकणाची मोटर यातलं काय साइटवर आधीपासून ठेवणार, ड्रोन दुरुस्तीला गेला तर बदली ड्रोन मिळणार का आणि त्याचा विमा-नोंदणी कोणाची. झाकण हाताने उघडायची चावी आप्पांकडे आणि एक ऑफिसात, दोन्ही ठिकाणी, आणि ते कसं उघडायचं हे आप्पांच्या हातून एकदा करून घ्या, नुसतं सांगून नको. बॅटरी वर्ष-दीड वर्षात बदलावी लागेल हे धरूनच बजेट मांडा, आपल्या उन्हात ती कागदावरच्या आयुष्यापर्यंत पोचत नाही.